मुळशीच्या देवराईतील बेहडा

ज्यांच्या घरात त्रिफळा चूर्णाची बाटली नाही अशी घरे पुण्यात थोडीच सापडतील. हिरडा, बेहडा आणि आवळकाठी ही तीन नावे एका दमात उच्चारण्याची आपल्या जिभेला पिढ्यान् पिढ्या सवय झालेली आहे. पैकी आवळा सर्वांच्या ओळखीचा. त्याचा मुरंबा होतो, कार्तिकात त्याच्या सावलीत पंगती बसतात. हिरड्याला वैद्यकाने मातेची उपमा देऊन मोठेपणा दिला. मधला बेहडा मात्र तिघांच्या पंगतीत असूनही कोणी विचारपूस न केलेल्या पाहुण्यासारखा राहिला आहे. त्याचे फळ आपण पोटात घेतो. त्याचे झाड पाहिले आहे काय असे विचारल्यास दहांतले नऊजण मान हलवतील. हे झाड पुण्यापासून दूर नाही. पौडच्या रस्त्याने पश्चिमेकडे निघून मुळशीचे धरण मागे टाकले, की ताम्हिणीच्या वाटेवर सह्याद्रीच्या कुशीत ते अजून उभे आहे. जुने, पूर्ण वाढलेले झाड पाहावयाचे असेल तर मात्र रस्ता सोडून एखाद्या देवराईत शिरले पाहिजे. असे का, हेच आम्हांला या लेखात सांगावयाचे आहे.

प्रथम त्या प्रदेशाविषयी दोन शब्द. पुणे शहरात वर्षाकाठी साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून अवघ्या साठसत्तर किलोमीटरांवर असलेल्या ताम्हिणीच्या घाटात जुलै २०२४ मध्ये एकाच दिवसात ५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला. म्हणजे आपल्या वर्षाच्या पावसाचा बराचसा वाटा तेथे एका दिवसात कोसळला! इतक्या पावसात वाढणारे रान आपल्या पर्वती-वेताळ टेकडीवरच्या झुडपांसारखे कसे असेल? अंजनी, जांभूळ, आंबा, पिसा, फणशी अशी बारमाही हिरवी झाडे एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून तेथे उभी असतात आणि त्यांतच ऐन, किंजळ, बेहडा यांच्यासारखी पाने झाडणारी झाडेही मिसळलेली असतात. शास्त्रज्ञ या रानाला निमसदाहरित म्हणतात. केरळातल्या किंवा ब्राझीलमधल्या वर्षावनाचे चित्र ज्यांच्या डोळ्यांपुढे आहे, त्यांनी हे त्याच कुळातले, पण सहासात महिने कोरड्या हवेचा उपास काढणारे भावंड समजावे.

या गर्दीत बेहडा उंचीने उठून दिसतो. तीस मीटर म्हणजे आठनऊ मजली इमारतीएवढी उंची त्याला सहज साधते. खोड सरळ, राखी, उभ्या भेगांचे. म्हातारपणी बुंध्याशी फळ्या उभ्या कराव्यात तसे आधार फुटतात. पातळ मातीत आणि पश्चिमेच्या वाऱ्यात एवढा डोलारा सांभाळावयाचा तर असे टेकू हवेतच. पाने फांद्यांच्या टोकांशी झुबक्यांनी येतात. थंडीत ती गळतात, आणि आपण येथे वसंतातील व्याख्याने ऐकत बसतो त्या दिवसांत तांबूस कोवळी पालवी व फिकट पिवळसर फुलांचे तुरे एकदमच येतात. फुलांच्या वासाविषयी मात्र चांगले बोलणे कठीण आहे. तो वास माणसाला नकोसा वाटतो. माशांना व किड्यांना आवडतो आणि झाडाला तेवढे पुरते. फळ सुपारीहून थोडे मोठे, मखमली लवेचे, वाळल्यावर किंचित पाच कंगोऱ्यांचे होते. आत टणक बी असते.

हे फळ वैद्यांच्या खलात पडण्यापूर्वी फार वेगळ्याच कामी लागत होते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडळातील चौतिसावे सूक्त जुगाऱ्याच्या विलापाचे म्हणून प्रसिद्ध आहे. त्यातले फासे हस्तिदंती किंवा लाकडी नव्हते. ती विभीदकाची, म्हणजे याच बेहड्याची फळे होती. त्यामुळेच संस्कृतात बेहड्याला 'अक्ष' हेही नाव पडले. महाभारताच्या वनपर्वातली नलाची कथा वाचकांना ठाऊक आहेच. बाहुकाच्या वेषातला नल ऋतुपर्णाचा रथ विदर्भाकडे हाकीत असता वाटेत बेहड्याचे झाड लागते. ऋतुपर्ण धावत्या रथातून त्याची पाने व फळे किती ते सांगतो. नलाचा विश्वास बसत नाही. तो रथ थांबवतो, झाड पाडून फळे मोजतो आणि आकडा बरोबर आलेला पाहून थक्क होतो. त्या विद्येच्या मोबदल्यात तो राजाला अश्वविद्या देतो; त्याच वेळी त्याच्या अंगातला कली बाहेर पडतो आणि बेहड्यात जाऊन बसतो. तेव्हापासून हे झाड निंद्य ठरले, असे महाभारतकार सांगतात. कलिद्रुम आणि भूतवास ही त्याची आणखी दोन नावे. सारांश, ज्याच्या फळांवर राज्ये हरली गेली आणि ज्याच्या खोडात कली राहावयास गेला, त्या झाडाविषयी ग्रंथांनी बरे बोलावे कशाला? (नलाने खातरजमेसाठी आख्खे झाड पाडले, याबद्दल मात्र कोणी त्याला बोल लावल्याचे आमच्या वाचनात नाही.)

आता पोथीतून डोंगरात येऊ. मुळशी, मावळ, वेल्हे या भागांतील गावोगाव वाघजाई, काळकाई, म्हसोबा, भैरोबा यांची ठाणी आहेत. ताम्हिणीची विंझाई तर घाटाखालच्या व घाटावरच्या अनेक घराण्यांची कुलदेवता आहे. यांपैकी पुष्कळ देवांना पूर्वी देऊळ असे नव्हतेच. शेंदूर लावलेला तांदळा, चार दगड आणि भोवतीचे रान हेच त्यांचे स्थान. रान देवाचे, म्हणून ती देवराई. तिच्यातली वाळलेली काटकीही चुलीला न्यावयाची नाही, कुऱ्हाड घेऊन आत शिरावयाचे नाही, गावावर संकट आले किंवा देवाच्याच कामाला लाकूड लागले तर देवाला कौल लावावयाचा आणि उजवा कौल मिळाला तरच हात घालावयाचा, असे हे नियम. हे नियम कोणी लिहून ठेवले नव्हते. तरीही सरकारी जंगलाच्या छापील कायद्यांपेक्षा ते अधिक काळ पाळले गेले. दा. ध. कोसंबी यांनी १९६२ साली प्रसिद्ध केलेल्या 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' या ग्रंथात पुण्याभोवतालच्या मातृदेवतांचा मागोवा घेतला आहे. पुढे माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या दोघांनी पश्चिम घाटातल्या देवराया पायी हिंडून पाहिल्या व त्यांवरील आपला निबंध १९७६ मध्ये प्रसिद्ध केला. डोंगर उघडे पडत असताना मूळच्या रानाचे नमुने केवळ या देवांच्या राखीव तुकड्यांत उरले आहेत, ही गोष्ट त्यांच्यामुळे शास्त्रीय जगाला कळली.

ग्रंथात निंद्य ठरलेले झाड देवाच्या रानात मात्र देवाच्या छत्राखाली आले, ही या कथेतली गंमत. देवराईचा नियम झाडाची जात विचारीत नाही. वड-पिंपळाला हळदकुंकू मिळाले म्हणून ते वाचले. बेहड्याला पूजा मिळाली नाही, पण कुऱ्हाडही लागली नाही. वस्तीजवळच्या रानात बेहडा म्हातारा होईपर्यंत टिकला असता असे आम्हांला वाटत नाही. त्याचे लाकूड टिकाऊ नाही, त्याला कीड लवकर लागते, त्यामुळे घराच्या आढ्या-तुळयांसाठी त्याला कोणी फारसे मानीत नाही. खोकी आणि फळकुटे करावयास ते चालते. मात्र कोळशाच्या भट्टीला आणि सरपणाला असे लाड नसतात. भट्टीवाल्याने झाडाची पारख करून तोडावे असा त्याचा धर्म नाही.

एखादे झाड तीसचाळीस वर्षांचे असते तेव्हा ते केवळ झाड असते. शंभर-दीडशे वर्षांचे झाले की त्याचे गाव होते. फांदी मोडून पडते, त्या जागी पाणी मुरते, बुरशी धरते, किडे पोखरतात, सुतारपक्षी टोचतो आणि हळूहळू खोडात ढोली तयार होते. लाकडाचा व्यापारी अशा झाडाकडे पाहून हात झटकतो. त्याच्या हिशेबी ते वाया गेलेले असते. रानाच्या हिशेबी ते तेव्हाच कामाला लागलेले असते. पिंगळे, घुबडे, वटवाघळे, उदमांजरे, पोपट, मधमाश्या यांना स्वतः ढोली कोरता येत नाही. त्यांना ती तयार मिळावी लागते. ऑस्ट्रेलियात यावर पुष्कळ अभ्यास झालेला आहे. तेथील एका जातीच्या उंच निलगिरीत जनावरांना राहण्याजोगी ढोली होण्यास निदान १२० वर्षे लागतात, असे त्या अभ्यासकांचे मत आहे. बेहड्याला नेमकी तेवढीच वर्षे लागतात असे आम्ही म्हणत नाही. परंतु हा काळ माणसाच्या आयुष्यात मावत नाही एवढे खरे.

ढोलीचा सर्वांत मोठा भाडेकरू म्हणजे धनेश. चोचीवर शिंगासारखा फुगवटा असलेला हा मोठा पक्षी उत्तर सह्याद्रीत आणि कोकणातल्या देवरायांत घरट्यासाठी जुन्या बेहड्याच्या ढोलीला जवळ करतो. त्याचा संसार चमत्कारिक आहे. मादी ढोलीत शिरते आणि विष्ठा, चिखल, फळांचा गर यांनी तोंड लिंपून घेते. चोच बाहेर निघेल एवढीच फट ठेवते. अंडी उबवणे आणि पिलांचे पहिले संगोपन आतच होते. मोठ्या धनेशाच्या मादीचे असे तीनचार महिने तरी अंधारात जातात, आणि तेवढा काळ नर उंबर, पायर, नांद्रुक यांची फळे गळ्यात भरून आणून तिला एकेक करून फटीतून भरवीत असतो. तो मारला गेला तर आतला सारा संसारच धोक्यात येतो. म्हणजे या एका पक्ष्याला घरासाठी म्हातारा बेहडा पाहिजे आणि अन्नासाठी उंबर-पायर पाहिजेत. नुसता बेहडा ठेवला आणि भोवतालचे रान तोडले तर ढोली रिकामी राहील. सगळे रान ठेवून म्हातारी झाडे काढली तर पक्षी बेघर होईल. उलट धनेश जी फळे खातो त्यांच्या बिया तो दूरदूर टाकतो, आणि देवराईबाहेर नवे उंबर उगवतात ते अशाच पाहुण्यांच्या कृपेने. धनेश हा रानाचा माळी आहे असे कोणी म्हटले तर त्यात काव्य कमी आणि वस्तुस्थिती जास्त आहे.

बेहड्याच्या स्वतःच्या बियांचे माळी निराळे. वानरे व खारी फळे कुरतडतात, खाली पाडतात. भेकर, सांबर यांसारखी जनावरे पडलेल्या फळांचा गर खातात आणि रवंथ करताना टणक बी टाकून देतात. उंचावरच्या आडव्या फांद्या आग्या मोहोळाला सोयीच्या. सालीच्या भेगांत शेवाळ, नेचे आणि आमरी रुजतात. गारंबीसारखा दांडगा वेल, ज्याच्या शेंगा हातभर लांब असतात, त्याला चढावयास असाच खंबीर खांब लागतो. भीमाशंकरचे शेकरू झाडांचे शेंडे एकमेकांना भिडलेले असले तरच जमिनीला पाय न लावता हिंडू शकते. उंच झाड मधून गेले की त्याच्या रस्त्यातला पूलच गेला. पाण्याचे तर सांगावयासच नको. देवराईतला पालापाचोळा कोणी उचलीत नाही, तो कुजून मातीचा स्पंज होतो, आणि पावसाचे पाणी एकदम न धावता मुरते. कित्येक देवरायांच्या पायथ्याशी झरा किंवा टाके असते, हा योगायोग नव्हे.

जगभर पाहिले तरी मोठ्या, जुन्या झाडांचे दिवस बरे नाहीत. अमेरिकेतील योसेमिती हे राष्ट्रीय उद्यान. तेथे कुऱ्हाड बंद. तरीही १९३० च्या दशकापासून १९९० च्या दशकापर्यंत मोठ्या झाडांची दाटी २४ टक्क्यांनी घटल्याचे तेथील मोजणीत आढळले. संरक्षित रानाची ही कथा, मग मुळशीचे काय?

मुळशीच्या डोंगरांनी गेल्या शंभर वर्षांत पुष्कळ सोसले आहे. मुळा आणि निळा या नद्यांवर टाटांनी धरण बांधावयास घेतले तेव्हा १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या मुहूर्तावर, मावळ्यांनी सत्याग्रह मांडला. पांडुरंग महादेव बापट हे त्याचे सेनापती. ती पदवी त्यांना तेथेच मिळाली आणि जन्मभर टिकली. सत्याग्रह चिकाटीने लढला गेला, पण धरण झाले. खोऱ्याच्या तळाची भाताची खाचरे आणि गावे पाण्याखाली गेली, पाणी घाट उतरून भिऱ्याच्या वीजघरात पडू लागले व मुंबईला वीज मिळाली. उठलेली माणसे चढणीवर सरकली, आणि जेथे माणसे सरकली तेथे रानाला मागे सरावे लागले. स्वातंत्र्यानंतर पुणे जिल्ह्याच्या पश्चिम डोंगरांत आणखी धरणे झाली, धरणांसाठी रस्ते झाले आणि त्या रस्त्यांनी परत येताना कोळशाच्या मालमोटारी भरून आल्या. नंतर शहरातल्या लोकांना डोंगरातल्या हवेची गोडी लागली. मुळशीच्या दुसऱ्या अंगाला लवासा हे नवे नगर उभे राहू लागले. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने त्याचे काम थांबविण्याची नोटीस दिली, वर्षभराने अटींसह परवानगीही दिली, आणि तो सारा वाद वाचकांच्या स्मरणात असेल. त्याहून शांतपणे, वर्तमानपत्रात नाव न येता, एकेक डोंगरउतार कुंपणात जात राहिला आहे.

तरीही आमच्या मते देवराईला खरा धोका कुंपणवाल्यांपेक्षा निराळ्याच बाजूने आहे. तो भक्तांकडून आहे! गावातली मुले पुण्या-मुंबईला गेली, हाताशी पैसा आला. आता देवाने उघड्यावर का राहावे, असे त्यांना वाटते. भावना चांगलीच आहे. मग वर्गणी होते, तांदळ्यावर सिमेंटचा कळस चढतो, सभामंडपाचा स्लॅब पडतो, गाड्या उभ्या करावयास आवार सपाट होते, आणि जागेला अडचण करणारी झाडे देवाच्याच नावाने निघतात. पूर्वी रान हे देवाचे घर होते. आता घर बांधण्यासाठी रान काढले जाते. त्यातही पहिला क्रम लागतो तो म्हाताऱ्या, पोकळ झाडाचा, कारण ते कोणाच्या अंगावर पडेल अशी भीती दाखविता येते. कली ज्या झाडात बसला त्याला वाचवावयास कोण येणार?

येथे आमचे काही सुधारक मित्र विचारतील, की तुम्हांला भुताखेतांची भीती परत आणावयाची आहे काय? नाही. ती आता परत येणार नाही आणि यावी असेही आम्हांला वाटत नाही. ज्या भीतीने झाड राखले त्याच भीतीने माणसाला पुष्कळ ठिकाणी नाडलेही आहे. परंतु कौल लावण्याच्या चालीत भीतीखेरीज आणखी एक गोष्ट होती: एकट्याने झाड तोडावयाचे नाही, गावापुढे विचारावयाचे. ही गोष्ट देव मानणाऱ्याला आणि न मानणाऱ्याला सारखीच पटण्याजोगी आहे. कायद्यातही तिला आता जागा झाली आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली गावाने राखलेल्या जागेला वारसा स्थळ म्हणून घोषित करता येते. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातील बांबर्डे येथील देवराईला २०२१ मध्ये असा मान मिळाला, आणि आपल्या शहरातली गणेशखिंडीची बाग २०२० मध्ये त्याच यादीत आली.

दुसरी एक वाट याच पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, भीमाशंकरच्या परिसरात, निघाली आहे. तेथील महादेव कोळी कुटुंबे बेहडा आणि हिरडा पूर्वीपासून गोळा करीत. भाव ठरविणे व्यापाऱ्याच्या हाती असे. झाडाने वर्षाला मिळवून द्यावयाचे ते चार पैसे आणि लाकूडवाला एकदम पुढे करणार ती रक्कम, यांत झाड हरत असे. पुण्यातील अप्लाइड एन्व्हायरन्मेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेने तेथे २०१५ च्या सुमारास फेअरवाइल्ड नावाच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राची व्यवस्था लावली. फांद्या तोडावयाच्या नाहीत, फळांचा काही वाटा रानातल्या जनावरांसाठी सोडावयाचा, वेचणाऱ्याला रास्त दाम मिळावयाचे, असे त्याचे नियम. इंग्लंडातील औषधी चहा करणारी एक कंपनी ही फळे घेऊ लागली. धनेशाची ढोली असलेला बेहडा उभा राहण्यात आता त्या कुटुंबांचाही फायदा आहे. व्यापाराने रान वाचते असे सरसकट म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. परदेशातली चव बदलली की काय होईल, हा प्रश्न उरतोच. पण बेहडा एकदा पाडला तर एकदाच पैसे देतो आणि उभा ठेवला तर दरवर्षी देतो, हा हिशेब मुळशीतल्या माणसालाही समजावून सांगावा लागणार नाही.

मुळशीतल्या ज्या गावांत येत्या काही वर्षांत देवळांचे जीर्णोद्धार होतील, तेथील वर्गणीदारांत पुण्यात राहणारे पुष्कळ असणार. या सभागृहातलेही काही असतील. त्यांच्यापुरते एक व्यवहाराचे सांगावेसे वाटते. जुन्या झाडाच्या मुळ्या बुंध्यापासून फांद्यांच्या पसाऱ्यापलीकडे गेलेल्या असतात आणि त्यांना मातीतून हवा लागते. बुंध्याभोवती गोल पार बांधून वर सिमेंट ओतले की झाड लगेच मरत नाही, दहापंधरा वर्षांनी मरते, आणि तोवर कोणालाही आपली चूक आठवत नाही. मंडपाचा नकाशा काढताना गवंड्याला आधी झाडे दाखवावीत, चौथरा मुळ्यांपासून दूर घ्यावा, आवारात फरशीऐवजी मातीच राहू द्यावी. पोकळ बुंध्यावर कोणी खुणेचा चुना मारला असेल तर तो कोणाच्या सांगण्यावरून, हे वर्गणी देण्यापूर्वी विचारावे. आणि चैत्र-वैशाखात तेथे जाणे झाले, नाकाला एक उग्र वास आला आणि वर पाहता तांबूस पालवी दिसली, तर तोच बेहडा.